नऊशे चौदा वेळा

सातव्या नकाराचं पत्र आलं तेव्हा प्रणिता उरकुडे अंगणात खाटेवर मुगाच्या वड्या घालत होती. फोन वाजला. हात पिठानं भरलेले, म्हणून तिनं नवऱ्याला हाक मारली, "नरेश, पाह्य बरं काय आलं ते."

नरेशनं वाचलं आणि फोन खाली धरला. त्यावरूनच तिला कळलं.

"मोठ्यानं वाच."

"आपलं कौशल्य उच्च दर्जाचं आहे. मात्र आपण संस्थेत टिकून राहण्याची शक्यता अत्यल्प असल्यामुळे... पुढं तेच ते."

सातही पत्रांत तेच ते होतं. बाई कामाची आहे, पण टिकणार नाही. आणि ही बाई चंद्रपूरजवळच्या एकाच कोळसा खाणीत पंधरा वर्षं टिकली होती! माणसांना खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा ज्या तारेच्या दोराला लटकतो, तो दोर तपासायचं तिचं काम. सकाळच्या पाळीचा पहिला माणूस खाली उतरण्याआधी प्रणिताची सही व्हायची. पंधरा वर्षांत त्या दोरानं कोणाचा घात केला नव्हता.

मग देशाची वीज ऊन आणि वाऱ्यावर निघू लागली आणि खाणी एकामागून एक बंद झाल्या. प्रणिता फारशी घाबरली नाही. तोवर सह्याद्रीत ठिकठिकाणी रोपवे झाले होते. कोकणातली पोरं पाळण्यात बसून घाटमाथ्यावरच्या कॉलेजात जात, आजारी माणसं वीस मिनिटांत वरच्या दवाखान्यात पोचत. दोर म्हटला की तो तपासणारं माणूस आलंच. नोकरी आपल्याला शोधत येईल, असं तिला वाटलं होतं.

पण तोवर मुलाखत बदलली होती.

आता मुलाखत माणसाची होत नसे, त्याच्या प्रतिरूपाची होई. उमेदवारानं आपल्या कामाच्या सगळ्या नोंदी द्यायच्या. लिहिलेले अहवाल, बोलून केलेल्या सूचना, हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यानं टिपलेले दिवस. शिवाय तीन दिवस बसून शेकडो प्रश्नांना उत्तरं द्यायची. एवढ्यावरून संगणक त्या माणसाची नक्कल तयार करी. त्याला काय येतं यापेक्षा तो ठरवतो कसा, हे ती नक्कल शिके. कुणी दटावलं तर मागं सरतो का, कंटाळा आला की कशात ढिलाई करतो, सगळं. मग त्या नकलेला कंपनीच्या नकलेत सोडायचं. तिथं यंत्रं खऱ्यासारखी, साहेब खऱ्यासारखे, सहकारी खऱ्यासारखे. नव्वद दिवसांची नोकरी संगणकात अडीच सेकंदांत संपे. तीच नोकरी हजार वेळा करायला लावायची, दर वेळी बारीकसारीक गोष्टी बदलून. कधी पाऊस, कधी साहेबाचं डोकं दुखतंय, कधी घरून फोन. हजारातून किती वेळा माणूस टिकला, तो निकाल. आणि एका कंपनीनं काढलेला निकाल बाकीच्या विकत घेत. प्रणिताला खरं तर एकाच कंपनीनं जोखलं होतं, खैरघाटचा रोपवे चालवणाऱ्या पुण्याच्या ‘गगनवाट’नं. बाकी सहा जणांनी तोच निकाल पुढं ठेवला.

"पुण्यात वर्ग निघालेत," नरेश रात्रीच्या भाजीला शेंगा मोडता मोडता म्हणाला. तो जिल्हा रुग्णालयात एक्स-रे काढायचा, स्वभावानं सरळ आणि घाबरट. "सहा महिने ते सांगतील तसं वागायचं. कमी भांडायचं, हो म्हणायचं, सगळं नोंदवत जायचं. मग नवीन प्रतिरूप बनवतात. माझ्या शिफ्टमधल्या बोबडेचा भाऊ निवडला गेला त्यानं."

"खूश आहे का तो?"

नरेश पुढची शेंग मोडू लागला. नाकारलेल्या उमेदवारांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात प्रणिता होती. एकाला ‘पुढं भांडखोर होईल’ म्हणून नाकारलेलं, एकीला ‘दोन वर्षांत मूल होईल’ म्हणून, अर्थात शब्द वेगळे वापरून. भुसावळच्या एका वेल्डरची मात्र निवड झाली होती आणि तोच सगळ्यांत दुःखी होता. त्यानं लिहिलं होतं, ‘माझी नेमकी कोणती खोड त्यांना आवडली ते कळत नाही, म्हणून आता प्रत्येक खोडीचा संशय येतो.’

कायद्यात एक कलम होतं. उमेदवाराला आपल्या प्रतिरूपाची मुलाखत एक तास बसून बघता येते आणि तिची प्रत मागता येते. ग्रुपमध्ये चारशे माणसं. एकानंही तो हक्क वापरला नव्हता. आपण कसे हरलो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला कोण जाणार?

"वर्गात मंग नाव टाकू," प्रणिता वड्यांवर फडकं झाकत म्हणाली. "पण आधी मी पाहणार. मी काहून टिकत नाही ते तर कळू दे."

*

गगनवाटच्या कचेरीत तिला मिताली सबनीस नावाची तिशीतली मुलगी भेटली. उमेदवारांचे निकाल काढणं हे तिचं काम. नरेश खाली कँटीनमध्ये थांबला, कारण आत एकट्या उमेदवाराला परवानगी होती.

"खरं सांगू का ताई," मिताली खुर्ची पुढं करत म्हणाली, "पाच वर्षांत बघायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. मीसुद्धा कधी बघत नाही. आमच्याकडे फक्त आकडा येतो. तुमचा आहे हजारात शहाऐंशी. म्हणजे नऊशे चौदा वेळा तुम्ही नव्वद दिवस पुरे केले नाहीत. बहुतेक वेळा एकसष्टाव्या दिवशी बाहेर."

"एकसष्टाव्याच?"

"साधारण. बघायचं?"

समोरच्या पडद्यावर रोपवेचं खालचं स्थानक उमटलं आणि त्यात प्रणिता चालत आली. डावा खांदा जरासा खाली, खाणीत वर्षानुवर्षं हत्यारांची पिशवी वागवल्यानं झालेला. आपण पाठमोऱ्या अशा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिला उगाच संकोचल्यासारखं झालं.

पहिले तीस दिवस मितालीनं भराभर पुढं नेले. पडद्यावरची प्रणिता वेळेवर येत होती, काम शिकत होती. पाळणे सोडणाऱ्या लवू शिगवण नावाच्या ऑपरेटरशी तिची गट्टी जमली होती. साहेब तिच्या कामावर खूश होते. खुर्चीतली प्रणिता मनात म्हणाली, मग बिघडलं कुठं?

अडतिसाव्या दिवशी पडद्यावरच्या प्रणितानं दोराचा अहवाल उघडला.

तारेचा दोर तपासण्याची रीत अशी: दोराभोवती चुंबकाची कडी बसवतात आणि दोर तिच्यातून सरकवतात. तार अखंड असेल तर चुंबकीय क्षेत्र तारेतून निमूट वाहतं. आत कुठं तार तुटली असेल तर तिथून ते क्षेत्र बाहेर गळतं आणि आलेखावर टोक उठतं. अहवालात लिहिलं होतं: तुटक्या तारा चार, मर्यादा सहा, दोर ठीक. पण अहवाल दर दहा मीटरची सरासरी काढून बनत होता. पडद्यावरच्या प्रणितानं खाणीत नेहमी करायची तेच केलं. सरासरी बाजूला ठेवून मूळ आलेख मागवला. दोराच्या जोडापासून सहाशे चाळीस मीटरवर, हातभर लांबीत, टोकांचं नुसतं कुंपण उभं होतं. तिनं मोजली. नऊ.

चव्वेचाळिसाव्या दिवशी तिनं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, हंगाम संपल्यावर दोर बदलायचाच आहे. बावन्नाव्या दिवशी तिच्यापुढं ‘दोर सुस्थितीत’ असा कागद सहीला आला. तिनं तो परत पाठवला. तो पुन्हा आला. एकसष्टाव्या दिवशी ती लवूकडे गेली, दोघांनी मिळून माणसं उतरवली, रोपवे थांबवला, आणि दुपारी तिला कामावरून काढण्यात आलं.

"पुन्हा दाखवा," प्रणिता म्हणाली. "दुसरी एखादी."

दुसऱ्या वेळी पाऊस होता. तिनं रोपवे थांबवला. तिसऱ्या वेळी साहेब ओरडले. तिनं थांबवला. चौथ्या वेळी साहेबांनी बढती देऊ केली. तिनं कागद टेबलावर उलटा ठेवला, ओढणी नीट केली, आणि थांबवला.

खुर्चीतली प्रणिता पुढं सरकून बसली. कित्येक महिने ती मान खाली घालून वावरली होती. आपल्यातच काही खोट आहे, लोकांना जी दिसते आणि आपल्याला दिसत नाही, असं तिनं धरून ठेवलं होतं. आणि इथं बंद खोलीत, कोणी बघत नसताना, ती नऊशे चौदा वेळा ताठ उभी राहिली होती. आपली लेक शाळेत पहिली आली तर आईला जसं होतं, तसं तिला झालं. फक्त लेकही तीच होती आणि आईही तीच.

"आणि त्या शहाऐंशी?" तिनं विचारलं.

मितालीनं एक उघडली. यात सगळं तसंच घडलं, नऊ टोकं, साहेब, कागद. फक्त एकावन्नाव्या दिवशी साहेबांनी तिला आपल्या टेबलाशी चहाला बसवलं आणि म्हणाले, "उरकुडेबाई, तुम्ही आता आमच्या घरच्याच." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी कागद आला आणि तिनं सही केली. मितालीनं आणखी पाच-सहा शोधल्या. सगळीकडे तेच. धमकीनं नाही, लालचीनं नाही, आपलं म्हटल्यानं ती वाकली होती.

प्रणितानं पडद्यावरच्या दोराकडे बोट केलं. मग अचानक म्हणाली, "हा दोर कोणी बनवला?"

"म्हणजे?"

"तुमच्या या खेळातला दोर. त्या नऊ तारा. संगणकानं मनानं लिहिल्या का?"

"नाही नाही. रोपवेची नक्कल खऱ्या रोपवेवरून बनते. तिथल्या यंत्रांची मूळ मापं रोज पहाटे इकडे येतात, आणि..." मितालीचं वाक्य तिथंच थांबलं.

प्रणिता खुर्चीतून उठली.

मितालीनं दुसरी यादी उघडली. गेल्या आठ महिन्यांत याच जागेसाठी दोनशे बारा उमेदवार जोखले गेले होते. त्यांतल्या एकशे एकोणचाळीस जणांची प्रतिरूपं पंचावन्न ते पासष्ट दिवसांच्या दरम्यान नोकरी सोडून गेली होती. सगळ्यांच्या नावापुढं एकच शेरा होता, ‘टिकणार नाही’. कंपनीच्या स्वतःच्या संगणकात शंभरावर माणसं हजारो वेळा ओरडून सांगत होती की दोर तुटतोय, आणि कंपनी फक्त कोण किती दिवस राहिलं ते मोजत होती.

"मी ज्या लोकांना नाकारलं..." मिताली पुटपुटली. तिनं फोन उचलला.

*

संचालक जयदीप निंबकर स्वतः खाली आले. पन्नाशीचे, नीटस, बोलायला अतिशय मृदू. त्यांनी आलेख पाहिला, सरासरीचा अहवालही काढून पाहिला.

"मॅडम, चार तारा म्हणजे चार तारा. सरकारमान्य पद्धत आहे ही. मूळ आलेखात गोंगाट असतो, यंत्राच्या थरथरीची खोटी टोकं, म्हणून तर सरासरी काढतात. दोर मे महिन्यानंतर बदलणारच आहोत."

"गोंगाट एका जागी नऊ वेळा येत नाही साहेब. आज दोर पाहा. दोन तासांचं काम आहे."

निंबकर हसले. खुर्ची ओढून अगदी तिच्याजवळ बसले. "तुमच्यासारखी नजर आमच्याकडे एकाचीही नाही, खरं सांगतो. ही जागा तुमची. आज पत्र देतो. एकच करा, इथं जे पाहिलं ते काल्पनिक होतं एवढं लिहून द्या, म्हणजे बाहेर उगाच घबराट नको. मे संपला की दोर तुमच्याच हातानं बदलू. अहो, तुम्ही आता आमच्यातल्याच."

आणि प्रणिताला खरंच बरं वाटलं. सात नकारांनंतर कोणी तरी तिला आत ओढून घेत होतं. हात टेबलावरच्या पेनापर्यंत गेला होता. मग तिला पडद्यावरची ती दिसली, चहाचा कप खाली ठेवून सही करणारी. शहाऐंशीतली एक.

तिनं हात मागं घेतला.

"माझी प्रत द्या मला," ती मितालीला म्हणाली. "आलेखासकट."

निंबकरांनी मितालीकडे पाहिलं. मितालीनं त्यांच्याकडे न बघता छपाईची कळ दाबली. "कायद्यानं द्यावीच लागते, सर," ती म्हणाली. कागद बाहेर आले.

*

रोपवे सुरक्षेच्या सरकारी कचेरीत फोन केला तर त्यांनी लेखी तक्रार मागितली आणि निरीक्षक गुरुवारी येतील म्हणून सांगितलं. त्या दिवशी सोमवार होता. प्रणिता आणि नरेश खैरघाटच्या बसमध्ये बसले.

"वर्गाचं राहूनच गेलं," नरेश म्हणाला. घाटात म्हणाला, "एक विचारू? रागावू नको. त्या पडद्यावरच्या बाईनं केलं म्हणून तू करून राहिली का हे?"

प्रणिताही मघापासून तेच चघळत होती. संगणकानं सांगितलं की ही थांबवेल, आणि ही निघाली थांबवायला. यात आपलं काय? उद्या कोणी म्हणेल, हिच्या नशिबातच होतं, हिनं काय केलं?

"माहीत नाही रे," ती म्हणाली.

"मी तुला सहा महिने हो म्हणायला शिकवायला घेऊन आलो होतो," नरेश खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "माझं प्रतिरूप बनवलं ना, तर ते हजार वेळा गप बसेल."

तिनं त्याचा हात हातात घेतला.

खैरघाटच्या पायथ्याशी, खैरवाडीच्या स्थानकावर ते दुपारी तीनला पोचले. कॉलेजची मुलं, बाजाराच्या पाट्या घेतलेल्या बाया, एक बाळंतीण. लांबलचक रांग. डोक्यावरून पाळणे संथपणे डोंगराकडे चढत होते. आणि ऑपरेटरच्या खोलीच्या दारात लवू शिगवण उभा होता, पडद्यावर होता तस्सा, कानावर पेन्सिल. प्रणिताला तो जुन्या मित्रासारखा वाटला. नऊशे चौदा वेळा तो तिच्या बाजूला उभा राहिला होता. त्यानं मात्र तिच्याकडे परक्या नजरेनं पाहिलं.

"तिकीट त्या खिडकीवर हां बाय."

"लवूदादा, मला दोर बघायचाय."

"तुमी कोन? माझा नाव तुमास कोनी सांगितलान?"

काय सांगणार? "मी कोणी नाही. या नोकरीसाठी आले होते, मला घेतलं नाही. पण हे बघा." तिनं आलेख पुढं केला. "जोडापासून सहाशे चाळीस मीटर."

लवूनं आलेख पाहिला नाही. त्याला तो वाचता येत नव्हता. पण आकडा ऐकल्यावर त्यानं कानावरची पेन्सिल काढली.

"पाचव्या खांबावर चाकातून जोडामागचा एक ठिकान जाताना कट् करून आवाज येतो," तो हळूच म्हणाला. "महिना झाला. तीन वेला लिवून दिलाव. वरून उत्तर आला, अहवाल ठीक आहे." त्यानं एकवार रांगेकडे पाहिलं. "वाऱ्याच्या नावानं मला लाईन रिकामी करता येते. अर्धा-पाऊन तास. तेवढ्यात तुमी बघाल?"

"बघीन."

त्यानं भोंगा दिला. पाळणे एकेक करून रिकामे झाले. लोक कुरकुरत फलाटावर जमले. मग लवूनं दोर मुंगीच्या चालीनं सोडला, आणि प्रणिता पहिल्या खांबाच्या शिडीवर चढू लागली. खांब चाळीस फूट उंच. खाणीत ती नेहमी खाली उतरली होती. उघड्या आभाळात वर कधी चढली नव्हती. खालून दरीचा वारा येत होता. अर्ध्यावर तिचे गुडघे असे काही थरथरू लागले की तिनं शिडीला मिठीच मारली. आणि त्या क्षणी तिला बसमधल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पडद्यावरच्या त्या नऊशे चौदांपैकी एकीचेही गुडघे थरथरले नव्हते. त्यांना गुडघेच नव्हते. त्यांनी ठरवलं होतं, पण ही शिडी चढणं तिलाच भाग होतं. हे भय तिचं होतं, म्हणून पुढची पायरीही तिचीच.

ती चढली. वरच्या फळीवर लवूनं दिलेला कंबरेचा पट्टा अडकवला, पिशवीतून सुती फडकं काढलं आणि सरकत्या दोराभोवती हलकेच धरलं. ही खाणीतली सगळ्यांत जुनी युक्ती. चुंबक नको, संगणक नको. तुटलेल्या तारेचं टोक बाहेर आलेलं असेल तर ते फडक्याला ओढतं. दोर सरकत राहिला, तेलकट, थंड. वीस मिनिटं फडकं निमूट राहिलं. तिला धाकधूक होऊ लागली. खरंच गोंगाट असला तर?

मग फडकं तिच्या बोटांतून हिसकलं गेलं.

"थांबवा!"

दोर थांबला. फडकं दोराला चिकटून फाटलं होतं आणि त्याच्या चिंध्यांतून तारांची टोकं काट्यांसारखी उभी होती. तिनं बोटानं मोजली. पुन्हा मोजली. अकरा. आलेखानंतर आणखी दोन तुटल्या होत्या.

खाली लोकांचा गलका वाढला होता. "कशापायी थांबवलं? परीक्षा आहे आमची!" "कोणी थांबवलं?" आणि त्या गलक्यातून तिला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. ज्याचं प्रतिरूप हजार वेळा गप्प बसलं असतं, तो माणूस फलाटाच्या कठड्यावर चढून ओरडत होता, "माझ्या बायकोनं थांबवलं! ती वर आहे, पाहा! कोणी पाळण्यात बसू नका! दोर तुटलाय!"

*

निरीक्षक गुरुवारऐवजी त्याच संध्याकाळी आले. त्यांनी फडकं पाहिलं, टोकं मोजली आणि स्थानकाला सील ठोकलं. दोर उतरवून कापला तेव्हा आतल्या गाभ्यातही तारा तुटलेल्या निघाल्या. तो मेपर्यंत टिकला नसता, असं त्यांनी अहवालात लिहिलं, आणि या वेळी सरासरी न काढता लिहिलं.

सात आठवडे खैरवाडीची माणसं घाट चालत चढली. त्यांतल्या काहींनी प्रणिताला फोन करून शिव्या दिल्या. बाळंतिणीच्या सासूनं मात्र नाचणीच्या पापडांचा डबा पाठवला. मितालीनं त्या एकशे एकोणचाळीस जणांना एकेक करून पत्र लिहिलं, कंपनीच्या नाही, स्वतःच्या नावानं: तुम्ही का नाकारले गेलात ते बघायला या, तुम्हाला आवडेल. नव्वदाहून अधिक जण आले. ग्रुपमध्ये लोक आपापले आकडे आता पदकासारखे लिहू लागले. सरकारनं नियम काढला: प्रतिरूप नोकरी सोडून गेलं, तर ते का गेलं हे सुरक्षा अधिकाऱ्यानं वाचून सही करायची.

पावसाळ्याच्या तोंडावर एक मोटार प्रणिताच्या दारात थांबली आणि तिच्यातून जयदीप निंबकर उतरले. पुण्याहून चंद्रपूर, एवढ्या लांब. नरेशनं पाणी दिलं. निंबकर पाणी प्यायले आणि म्हणाले, "नवा दोर बसलाय. निरीक्षकांची अट आहे की तो तपासायला जाणतं माणूस हवं. मी तुम्हाला न्यायला आलोय. मुलाखत वगैरे काही नाही."

"असं कसं?" प्रणिता त्यांच्यासमोर पाटावर बसली. "मुलाखत तर व्हायलाच पाहिजे. मी विचारते. त्या दिवशी मी खैरवाडीला गेले नसते, तर तुम्ही दोर थांबवला असता का?"

निंबकरांनी पेला हातात फिरवला. "नसता," ते शेवटी म्हणाले.

"बरं. आता दुसरा. रोपवे थांबवायची किल्ली कोणाकडे राहील?"

"तुमच्याकडे."

"एकटीकडे नाही. एक माझ्याकडे, एक लवूदादाकडे. आणि त्यानं काही लिहून दिलं तर उत्तर वरून येणार नाही, माझ्याकडून येईल."

"मान्य."

"तिसरा प्रश्न..." ती थांबली. तिसरा प्रश्न नव्हताच. तिला फक्त हा क्षण आणखी थोडा चालू ठेवायचा होता. "काही नाही. झालं."

"मग? येताय?"

प्रणिता उठली. ओढणी झटकून तिनं दोन्ही हात जोडले, अगदी कचेरीत जोडतात तसे.

"कळवते तुम्हाला, साहेब. आठ दिवसांत."

निंबकर मान लववून निघाले. मोटार गल्लीच्या वळणाआड गेली तसा नरेश कुजबुजला, "काय बाई आहे तू! जाणार ना पण?"

"जाणार तर," प्रणिता म्हणाली. "पण आठ दिवस त्याला वाट पाहू दे ना."